एक हजार पंचवीस

माझ्या भावाने आयुष्यात एकच आकडा निवडला, आणि तो आकडा चुकीचा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला पुष्कळ बोलणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की बहीण आहे, राग काढते आहे. राग आहेच. पण आकडा बरोबर होता. समुद्राचं पाणी घेतलं तर एक घनमीटर पाण्याचं वस्तुमान एक हजार पंचवीस किलो भरतं. नववीच्या पुस्तकात तक्ता आहे. खारवणच्या हायस्कुलात तेवीस वर्षं मी तोच तक्ता फळ्यावर काढते आहे.

खारवण खाडीच्या अलीकडे आणि शिरसोळ पलीकडे. अंतर सातशे मीटर. दवाखाना, कोर्ट, कॉलेज, बाजार, जे जे माणसाला लागतं ते सगळं शिरसोळला. आमच्याकडे देव आणि माड. पुलाचे खांब अकरा वर्षं झाली पाण्यात उभे आहेत आणि त्यांच्यावर कावळे बसतात. रस्त्याने जायचं तर घाट चढून उतरून बावन्न किलोमीटर. म्हणून सगळा जीव खाडीवर, आणि त्या खाडीवर माझ्या बाबांनी एकतीस वर्षं लाँच चालवली.

काशिनाथ तांडेल म्हणून त्यांना दोन्ही काठ ओळखायचे. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य; आडनाव वासावे, पण ते फक्त रेशनकार्डावर. ‘जाखमाता’ लाँचच्या कुशीवर एक लाल रेघ होती. ती रेघ पाण्याला टेकली की माणसं घेणं बंद, असा नियम. बाबा मात्र माणसं घेण्याआधी एक गोष्ट करत. वाकून ओंजळभर पाणी घेत, जिभेला लावत आणि थुंकत. पाणी खारं असेल तर रेघेपर्यंत माणसं. गोडं असेल, म्हणजे पावसाळ्यात घाटावरचा पूर उतरून खाडी गोडी झालेली असेल, तर रेघ करंगळीभर बुडाली तरी ते हरकत घेत नसत. लहानपणी मी विचारलं होतं की असं का. म्हणाले, “गोडा पाणी लेचापेचा असता. खारा पाणी होडीला खांद्यावर घेता. माणसा तेवढीच असतात, होडी बसते खाली.”

याच्याहून चांगल्या शब्दांत मी आजपर्यंत घनता शिकवू शकलेले नाही. आणि तरी ते वाक्य मला हवं तेव्हा आठवलं नाही, ते पुढे येईलच.

बावीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये ‘जाखमाता’ खाडीच्या मध्यावर उलटली. अकरा माणसं गेली. त्यात आमची आई होती. शिरसोळच्या बाजारातून माझ्या भावाला, सर्वेशला, कॉलेजसाठी चादर आणायला निघाली होती. बाबा म्हणाले की पुरातून आलेला ओंडका बुडाखाली आपटला. ओंडका कुणाला सापडला नाही. सापडला तो एक फोटो. लाँच सुटताना जेट्टीवरच्या कुणीतरी काढलेला, आणि त्यात लाल रेघ पाण्याखाली गेलेली स्पष्ट दिसत होती. चौकशी समितीने त्यावरून गणित मांडलं: लाँच पाचशे किलोने जास्त भरलेली होती. बाबा तिथेही म्हणाले, “पाणी गोडा व्हता साहेब, मी चाखलेला.” अहवालाच्या एकोणिसाव्या पानावर वाक्य आहे: तांडेलाचे पाण्याच्या चवीबाबतचे विधान प्रस्तुत चौकशीशी संबंधित नाही.

परवाना गेला. दोन वर्षं आत राहून आले. मला सांगून येणारी स्थळं यायची थांबली, त्याचं मला फारसं वाटलं नाही. सर्वेश तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याने बाबांशी बोलणं सोडलं आणि जहाजबांधणीच्या अभ्यासाला गेला. लोक म्हणाले, पोरगा जिद्दीचा आहे. जिद्द होतीच, पण ती कुणाविरुद्ध होती ते घरात आम्हाला ठाऊक होतं.

वीस वर्षांनी तो ‘तोल’ घेऊन परत आला.

तोल म्हणजे काय ते मी वर्गात सांगते तसंच सांगते. पाण्यावर तरंगणारी कुठलीही वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते. तेव्हा सारलेलं पाणी मोजलं की वस्तूचं वजन कळलं. काट्यावर चढवायची गरज नाही. सर्वेशच्या फेरीबोटी विजेवर चालणाऱ्या, सपाट तळाच्या, जवळजवळ खोक्याच्या आकाराच्या. लांबी साडेबारा मीटर, रुंदी चार मीटर, म्हणजे तळ पन्नास चौरस मीटर. बोट पाण्यात किती खोल बसली आहे ते तळाशी लावलेले आठ डोळे सेकंदाला शंभर वेळा बघतात आणि लाटांची गडबड वजा करून मिलिमीटरच्या हिशेबात सांगतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, हे झालं सारलेल्या पाण्याचं घनफळ. त्याला घनतेने गुणलं की बोट, बॅटऱ्या, माणसं, माशांच्या पाट्या, सगळ्यांचं मिळून वजन. मर्यादा चोवीस हजार किलो. आकडा हिरवा असेल तर बोट आपोआप सुटते. तांबडा असेल तर सुटत नाही, मग तुम्ही कलेक्टर असा की कलेक्टरचे सासरे.

कोकणातल्या एक्केचाळीस खाड्यांवर तोल बसला. माणसाने चालवायच्या फेऱ्या कायद्याने बंद झाल्या. दोन वर्षांत एक माणूस बुडाला नाही. हे मी नाकारत नाही. पूर्वी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे होडी उलटायचीच.

बोट आमच्या जेट्टीवर पहिल्यांदा आली त्या दिवशी सगळा गाव जमला होता. बाबाही आले, धुतलेला सदरा घालून. सर्वेश लोकांना डोळे दाखवत होता, गुणाकार समजावत होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “पाणी चाखता काय तुझा यंत्र?”

लोक हसले. सर्वेश हसला नाही. तो म्हणाला, “घनता एक हजार पंचवीस धरली आहे. वर्षभर तीच. खाडीचं पाणी हलकं झालं तर यंत्र वजन थोडं जास्त दाखवेल, कमी कधीच नाही दाखवणार. चुकायचंच असेल तर सुरक्षित बाजूला चुकू दे.”

“म्हंजे चार माणसा काठावर ऱ्हातील.”

“राहू देत. काठावर राहिलेलं माणूस मरत नाही.” आणि मग, सगळ्या गावासमोर, “तुमच्या चाखण्याने अकरा माणसं गेली, बाबा. त्यात आई होती.”

बाबा वळले आणि घरी गेले. मी सर्वेशला तिथेच दोन शब्द सुनवायला हवे होते. मी गप्प बसले, कारण मलाही तसंच वाटत होतं. बाबांना मी दोन वेळचं जेवण दिलं, औषधं दिली, कपडे धुतले. विश्वास मात्र दिला नाही. हे माझ्या खात्यावरचं आहे, ते मी भावाच्या नावावर ढकलणार नाही.

बोटीतला आवाज एका गोड बाईचा होता, म्हणून गावाने तिचं नाव तोलबाई ठेवलं. तोलबाई लाडकी झाली. बाजाराला जाणाऱ्या बायका तिच्याशी भांडायच्या. एक युक्ती मात्र लोकांनी लगेच काढली: आकडा तांबडा झाला की दोघे-चौघे खाली उतरायचे आणि बोट हलता हलता उडी मारून परत चढायचे. सर्वेशने त्यावर उपाय केला. उतरल्यानंतर वजन पुन्हा वाढलं, की तोलबाई ताकीद देते, आणि आणखी एकदा वाढलं की बोट कुलूपबंद. मग कोचीहून, म्हणजे सर्वेशच्या कंपनीतून, मंजुरी आल्याशिवाय सुटत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात लोक कुरकुरू लागले की तोलबाई पावसात चिक्कू होते. उन्हाळ्यात नव्वद माणसं घेते, आता ऐंशीलाच तांबडी. मला विचारायला आले, कारण मी विज्ञानाची बाई. मी सांगितलं, “ओले कपडे, ओल्या छत्र्या, भिजलेल्या पाट्या. त्यांचं वजन नको का धरायला?” सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. दोनच दिवस आधी मी नववीच्या वर्गाला तो तक्ता पाठ करायला लावला होता.

त्या मंगळवारी घाटावर तिसरा दिवस पाऊस होता. घाटात दरड आली होती म्हणून रस्ता बंद. पुराचा इशारा आला होता म्हणून तीनची फेरी शेवटची. जेट्टीवर ही गर्दी. बाबांच्या छातीत दुपारी जेवताना कळ आली. उपकेंद्रातली सिस्टर धावत आली, जिभेखाली गोळी दिली, ईसीजीची पट्टी काढली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाई, तासाभरात शिरसोळला पोचायला हवेत. मी फोन केलाय, तिकडे गाडी उभी करतायत.”

चौघांनी स्ट्रेचर उचललं, सिस्टर सोबत निघाली. बाबा त्या बोटीवर कधीच चढले नव्हते. चढवताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पलीकडच्या काठावर गाडीचा लाल दिवा फिरताना दिसत होता. सातशे मीटर.

आकडा होता चोवीस हजार एकशे ऐंशी. तांबडा. “मर्यादेपेक्षा एकशे ऐंशी किलो जास्त,” तोलबाई म्हणाली. “कृपया तीन प्रवाशांनी उतरावे.”

कुणाला सांगावंही लागलं नाही. तीन माणसं झटकन उतरली. “तांडेलाला पोचवा आधी,” एकजण म्हणाला, आणि मला भरून आलं, कारण बावीस वर्षांत ‘तांडेल’ हा शब्द गावात कुणी उच्चारला नव्हता. आकडा घसरला, थांबला, चोवीस हजार एकशे सतरा. एकशे ऐंशी किलो उतरलं होतं आणि कमी झालं होतं त्रेसष्ट. “दोन प्रवाशांनी उतरावे.” आणखी दोघं उतरली. आकडा खाली गेला, आणि आम्ही बघत असताना पुन्हा वर चढायला लागला. चोवीस हजार एकशे साठ.

“वजन पुन्हा वाढले आहे,” तोलबाई म्हणाली. “उतरलेल्या प्रवाशांनी पुन्हा चढू नये.”

झालं. जो तो मागे वळून बघू लागला.

“कोण चढला रे मागून?”

“ह्यो परशुराम आत्ता कुठं व्हता? मी नाय बघितला ह्येला.”

“मी हितंच व्हतो!” परशुराम कदम ओरडला. “आईच्यान हितंच व्हतो!”

“लाज नाय वाटत? म्हातारा मरतोय थय आणि तू...”

त्याला अक्षरशः ढकलून खाली काढलं. तो जेट्टीवर पावसात उभा राहून रडकुंडीला आला होता. सहा माणसं उतरली होती आणि आकडा होता चोवीस हजार एकशे चौऱ्याहत्तर. सहा माणसांचे मिळून सहा किलो. तोलबाईच्या आवाजात तसूभर फरक नाही: “फसवणुकीचा प्रयत्न नोंदवला आहे. बोट बंद करण्यात येत आहे. मंजुरीची प्रतीक्षा करावी.” कड्या पडल्याचा आवाज आला.

लोक एकमेकांवर तुटून पडले. कुणाच्या पिशव्या, कुणाची पाटी, कुणाची गाडी. यंत्र खोटं बोलेल हे एकाच्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही. मीही तेव्हा परशुरामाकडे रागाने बघत होते.

बाबांनी माझा पदर ओढला. “पाणी.”

मी बाटली उघडली. त्यांनी मान हलवली. “खाडीचा.”

मला कळेना. मी बोटीच्या उताराशी वाकले, ओंजळ भरली आणि त्यांच्या ओठांशी नेली. मातकट पाणी. त्यांनी जीभ फिरवली. थुंकायची ताकद नव्हती, गिळलं.

“गोडा,” ते म्हणाले. “निव्वळ गोडा झालाय. ओहोटी लागली, पूर उतरला. होडी बसनारच गो.” मग थांबून, दम घेऊन, “माणसा परत घे. काय होत नाय.”

तेव्हा माझ्या डोक्यात दिवा लागला, आणि तो लागायला तेवीस वर्षं लागली होती.

सिस्टरने दिलेल्या चिठ्ठीच्या पाठीवर मी गणित मांडलं. बोटीच्या कुशीवर रंगवलेली पट्टी होती. पाणी सत्तेचाळीस सेंटिमीटर दोन मिलिमीटरवर होतं. साडेबारा गुणिले चार गुणिले शून्य पूर्णांक चारशे बहात्तर. तेवीस पूर्णांक सहा घनमीटर. गुणिले एक हजार पंचवीस, चोवीस हजार एकशे नव्वद. जवळपास तोलबाईचाच आकडा. आता तेच घनफळ गुणिले एक हजार. तेवीस हजार सहाशे. मर्यादेपेक्षा चारशे किलो कमी. कुणी मागून चढलं नव्हतं. पाणी बदललं होतं.

सर्वेशने पहिल्याच घंटीला फोन उचलला. त्याच्या पडद्यावर सगळं दिसत होतं, बाबाही.

“ताई, मी बघतोय. कुणीतरी परत चढलंय. आणखी तिघांना उतरव, मी कुलूप काढतो.”

“सर्वेश, पाणी गोडं आहे. घनता हजार धर. आपण मर्यादेच्या आत आहोत. आत्ता सोड बोट.”

“कशावरून गोडं आहे?”

“बाबांनी चाखलं.”

पलीकडे तो मग अगदी थकल्यासारखा म्हणाला, “पुन्हा तेच. ताई, बोटीवर ऐंशी माणसं आहेत. खाली पूर आहे. स्वतःचे वडील आहेत म्हणून मी आकडा बाजूला ठेवून बोट सोडली, तर बाबांनी केलं त्यात आणि माझ्यात फरक काय? आईला मी असंच गमावलंय.”

“मी गणित केलंय.”

“चवीवर केलंयस. चव पुरावा नाही. मोजून दाखव.”

मी त्या वेळी ओरडायला हवं होतं. तीन माणसं उतरवायला हवी होती, मारून मुटकून, पायाशी पडून. पण मी शिक्षिका. मोजून दाखव म्हटलं की माझे हात आपोआप मोजायला लागतात. आणि खरं सांगायचं तर, बाबा बरोबर आहेत हे मला त्याच्या तोंडून हवं होतं. त्या क्षणी मला ते पलीकडच्या लाल दिव्याहून जास्त हवं होतं.

बोटीच्या टोकाला हसीनाबी मासेवाली बसली होती. तिच्याकडे ग्रॅम दाखवणारा काटा. मी बाटली पिण्याच्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवली: एक हजार बेचाळीस ग्रॅम. ओतून खाडीच्या पाण्याने तशीच काठोकाठ भरली. खारं पाणी असतं तर पंचवीस-एक ग्रॅम जास्त यायला हवे होते. आकडा आला एक हजार चव्वेचाळीस.

“पावसाचे थेंब पडतायत काट्यावर,” सर्वेश म्हणाला. “परत कर.”

हसीनाबीने छत्री धरली. परत केलं. एक हजार चव्वेचाळीस.

“बाटली दोन्ही वेळा काठोकाठ होती? परत एकदा. ताई, प्लीज.”

बाटली निसटली, पुन्हा भरली. हसीनाबी म्हणाली, “बाई, पानी गोडाच हाय गो, मासं सगलं खाडीच्या तोंडाशी गेलंत सकालपासनं, कोन बी सांगील.” तिसऱ्यांदा: एक हजार चव्वेचाळीस.

फोन स्पीकरवर होता. आता त्यावर फक्त खरखर ऐकू येत होती. मग सर्वेश म्हणाला, “तेवीस हजार पाचशे चौऱ्याऐंशी.” मग, अगदी लहान असताना बोलायचा त्या आवाजात, “म्हणजे त्या दिवशीपण... ताई. बाबा बरोबर होते.”

कड्या उघडल्या. आकडा हिरवा झाला. तोलबाई म्हणाली, “आणखी सहा प्रवासी घेता येतील.”

मी वळले. सिस्टर स्ट्रेचरजवळ गुडघ्यावर बसली होती आणि तिने बाबांच्या मानेवरचा हात काढून घेतला होता. ती माझ्याकडे बघत होती. तिला मला हाक मारायचं धाडस झालं नव्हतं. मी गणितात होते.

मरणाऱ्याच्या तोंडात गंगा घालतात. माझ्या बाबांच्या तोंडात शेवटचं गेलं ते पुराचं गढूळ पाणी, तेही तहानेसाठी नाही, तर आम्हाला कळावं म्हणून.

खाली उतरलेले सहाही जण परत चढले. परशुरामाने स्ट्रेचरचा एक कोपरा धरला आणि शिरसोळ येईपर्यंत सोडला नाही. कुणी त्याची माफी मागितली नाही.

सर्वेश दुसऱ्या दिवशी पोचला. अग्नी त्याने दिला. दहाव्यापर्यंत घरात आम्ही दोघंच होतो आणि कामापुरतं बोलत होतो. दहाव्याला संध्याकाळी तो माळ्यावरून चौकशी अहवाल घेऊन खाली आला. एकोणिसावं पान उघडलं. समितीने मांडलेलं वजन: वीस हजार पाचशे. परवानगी: वीस हजार. त्याने पेन्सिलीने खाली लिहिलं: वीस हजार पाचशे भागिले एक हजार पंचवीस. उत्तर वीस. गुणिले एक हजार. वीस हजार. किलोचाही फरक नाही. बाबांनी जीभ लावून जे माप काढलं होतं ते परवानगीवर नेमकं बसत होतं.

“दुसऱ्या वर्षाला शिकवतात,” सर्वेश म्हणाला. “मोठ्या जहाजांवर गोड्या पाण्याची रेघ वेगळी असते. वरती. सरांनी फळ्यावर काढली तेव्हा मला आपली लाल रेघ दिसली होती, ताई. एक क्षणभर. वही बंद केली मी. ओळभर गणित होतं. केलं नाही.”

“का?”

“आई गेली होती. कुणाचा तरी दोष असायला हवा होता ना.”

मी त्याला काही बोलले नाही. बोलायला मी कोण? मी तर तो तक्ता दर वर्षी फळ्यावर काढत होते.

पंधरा दिवसांत एक्केचाळीस बोटींवर पाण्याचा खारटपणा मोजणारा नखाएवढा तुकडा बसला. इतकंच करायचं होतं. चौकशी पुन्हा उघडावी म्हणून मी अर्ज केला. उत्तर आलं की संबंधित व्यक्ती हयात नसल्याने प्रकरण निकाली समजावे. सर्वेशच्या कंपनीला त्या तुकड्याला ‘काशिनाथ’ हे नाव द्यायचं होतं. लोकांना भावेल म्हणाले. मी सांगितलं, नाव द्याल तर मी जेट्टीवर बसून रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळी हकिकत सांगेन. मग नाही दिलं.

सर्वेश परत जायला निघाला त्या सकाळी जेट्टीपर्यंत मी सोबत गेले. बोट लागलेली होती. तो उताराशी वाकला, ओंजळ भरली, जिभेला लावली. खारं होतं का गोडं, त्याला कळलं की नाही, मी विचारलं नाही. उभा राहिला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, एक विचारू? मी म्हणालो तेव्हा फोन स्पीकरवर होता ना?”

“होता.”

“मग बाबांनी ऐकलं असेल ना? बरोबर होते म्हणून?”

हो म्हणायला मला काहीच लागलं नसतं. त्याला रात्रीची झोप लागली असती. सिस्टर माझीच मैत्रीण, तिने कधी तोंड उघडलं नसतं. सुरक्षित बाजू तीच होती. पण सुरक्षित बाजूला चुकण्याचं मी आता पुरतं बघितलं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “चार मिनिटं आधीच गेले. सिस्टरने वेळ लिहिली आहे.”

त्याने आकड्याकडे बघितलं. हिरवा होता. मग त्याने विचारलं, “आणि तू? तू तरी सांगितलंस त्यांना?”

“मी पाठमोरी होते,” मी म्हणाले. “तिसऱ्यांदा बाटली मोजत होते.”